परदेशी सहलीच्या तयारीत बसचे वेळापत्रकही सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या उन्हाळी पर्यटन पुरवणीत युरोपच्या समूह सहलींवर दोन पाने आली आहेत. कुठे काय पाहावे, फोटो कुठून चांगला येतो, खाकऱ्याची किती पाकिटे न्यावीत, सगळे त्यात आहे. पण ज्या बसमध्ये माणूस रोज पाच-सहा तास काढणार, तिच्याबद्दल एक ओळ नाही. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. माझी नजर आधी तिकडेच जाणार, याला इलाज नाही. गेल्या जूनमध्ये मुलाच्या आग्रहाने मी आणि सौ. अशा सहलीला जाऊन आलो. आता आमच्या ओळखीतली बरीच मंडळी याच उन्हाळ्यात निघाली आहेत, म्हणून हे पत्र.

निघण्याआधी सहल कंपनीने पुण्यात एका सभागृहात सगळ्या प्रवाशांना बोलावले होते. पडद्यावर आयफेल टॉवर, टायट्लिसचा बर्फ, पिसाचा मनोरा. नाश्ता उत्तम. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी विचारले, "ड्रायव्हरची ड्युटी किती तासांची असते?" सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावरचा तरुण म्हणाला, "काका, तुम्ही ते टेन्शन घेऊ नका, तुम्ही फक्त एन्जॉय करा." पुढचा प्रश्न जैन जेवणाचा आला आणि माझा विषय तिथेच बुडाला.

वास्तविक सगळ्या सहलीची नाडी त्या प्रश्नात आहे. युरोपीय संघात चालकाच्या तासांचा २००६ चा नियम सगळ्या देशांना एकच आहे. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती सक्तीची. ती तुकड्यांत घेता येते, पण एकही तुकडा पंधरा मिनिटांच्या आतला चालत नाही. दिवसाला नऊ तास स्टिअरिंग, आठवड्यातून दोनदाच दहा. रात्री सलग अकरा तास विश्रांती. दोन साप्ताहिक सुट्यांच्या मध्ये फार तर तीन वेळा ती नऊ तासांवर आणता येते. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. फरक असा की तिकडे ते चालकाच्या कार्डावर आपोआप नोंदले जाते. डॅशबोर्डवर टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते, त्यात कार्ड घातल्याशिवाय गाडी काढायची नाही. रस्त्यात पोलिसांनी हात केला, तर आजचा आणि मागच्या ५६ दिवसांचा हिशेब दाखवावा लागतो. आमच्याकडे लॉगशीट हाताने भरत. त्याबद्दल अधिक न लिहिलेले बरे.

याचा प्रवाशाशी काय संबंध? सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला तळ्याकाठी घड्याळांची मोठमोठी दुकाने आहेत. आमच्यातली काही मंडळी तिथे रमली आणि ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तासाने आली. बसला त्या थांब्यावर उभे राहू देत नाहीत, त्यामुळे चालक गावात चक्कर मारून पुन्हा आला. पुढे वाहतूक तुंबली होती. हॉटेलवर पोचायला रात्रीचे पावणेदहा झाले. सकाळी साडेसातला निघायचे होते, पण सवलतीच्या तिन्ही रात्री तोपर्यंत संपलेल्या होत्या. अकरा तास मोजा : पावणेनऊच्या आत चाक हलणार नाही. ऱ्हाइनच्या धबधब्यावर बोटीतून खडकापर्यंत जायचे होते, ते वेळेअभावी रद्द झाले. वरूनच बघा म्हणाले. मग बसमध्ये चालकाच्या नावाने शिमगा. "एवढे पैसे भरलेत, हा काय मुजोरपणा!" चालक पोर्तुगीज, साधारण पन्नाशीचा, शांत माणूस. तो समोर बघून गाडी चालवत होता. मला त्याची भाषा येत नव्हती, पण त्याच्या मानेकडे बघून मला आमच्या आगारातले दहा-बारा चेहरे आठवले.

हे सगळे सभागृहात पाच मिनिटांत सांगता आले असते. सांगितले असते, तर त्या दुकानातून लोक वेळेवर आले असते, असे मला वाटते. आपली माणसे टूर मॅनेजरच्या दटावणीला भीक घालत नाहीत, पण कायदा आणि स्वतःची बुडणारी बोट दोन्ही समजतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ती सक्तीची विश्रांती म्हणजे खरोखर विश्रांती, तेवढ्या वेळात चालकाने दुसरे काम करायचे नाही. आमच्या बसमध्ये गाडी थांबली रे थांबली की कोणी तरी "जरा डिकी उघडता का, माझी चकलीची पिशवी मोठ्या बॅगेत राहिली" म्हणत जायचे. चालक बिचारा भिडेखातर उठला, तर त्याचा ब्रेक मोडतो. तेव्हा दिवसभरात लागणारे औषध, स्वेटर, छत्री, चकली हे सगळे सकाळीच पाठीवरच्या पिशवीत. मोठी बॅग एकदा पोटात गेली की मुक्कामालाच निघेल, असे धरून चालावे.

बस उभी असताना एसी बंद असतो, यावरूनही कुरबुर झाली. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवायला कायद्याने मनाई आहे. पट्टा सगळ्यांनी लावायचा, मागच्या बाकावरच्यांनीही. जागांच्या बाबतीत आमच्या कंपनीने रोज रांगा पुढे-मागे फिरवायची पद्धत ठेवली होती, ती चांगली. तरी पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी पुढच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलाच. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसाच, आतून. मला हसू आले आणि थोडे घरच्यासारखेही वाटले.

मधल्या दाराच्या पायऱ्या मात्र ज्येष्ठांनी जपून उतराव्यात. तिकडे वाहने उजवीकडून चालतात म्हणून दारे उजव्या अंगाला असतात. मधले दार अरुंद, पायऱ्या उंच आणि वळणाच्या, खाली अंधार, कारण तिथेच स्वच्छतागृह बसवलेले असते. ते स्वच्छतागृह बहुधा कुलपातच. म्हणून नाण्यांची सोय हवी. जर्मनीच्या महामार्गावरच्या स्वच्छतागृहांत बहुतेक ठिकाणी एक युरो टाकला की फाटक फिरते. पावती मिळते, ती तिथल्या दुकानात चालते. टाकून देऊ नये. आपल्याकडून जाताना सगळे पन्नास-शंभरच्या नोटा नेतात आणि पहिल्या थांब्यावर सुट्ट्यांसाठी एकमेकांची तोंडे बघतात. स्वित्झर्लंडचे चलन फ्रँक आहे, हेही पुष्कळांना तिथे गेल्यावर कळते.

आता चालण्याबद्दल. पुरवणीत "आरामदायी बसने युरोप" असे छापले आहे. बस आरामदायी असतेच, पण ती जिथे नेऊन सोडते तिथून पुढे तंगडतोड असते. व्हेनिसमध्ये बस ट्रॉन्केतोच्या वाहनतळापर्यंत, पुढे बोट, त्यापुढे पूल, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. पिसाला वाहनतळ मनोऱ्यापासून लांब. फ्लॉरेन्स आणि रोमच्या जुन्या भागांत पर्यटक बसना सर्रास शिरकाव नाही. रस्ते दगडी, गोटे वर आलेले. आम्ही साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्यावर चढण्याची सवय होती म्हणून निभावले. सौ.ने तीन महिने आधीपासून रोज टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंतचा चढ धरला होता, तोही त्याच बुटांत, जे पुढे तिकडे वापरायचे होते. मुंबईच्या एक बाई विमानतळावर करकरीत नवे बूट घालून आल्या. तिसऱ्या दिवशी त्या बसमध्येच बसून राहू लागल्या. कार्यक्रमपत्रिकेत "शहरदर्शन" एवढेच लिहितात. त्यात चालणे किती, पायऱ्या किती, बसायला जागा आहे का, हे साठी उलटलेल्याला पैसे भरण्याआधी कळायला हवे.

खाण्याच्या बाबतीत सगळेच तज्ज्ञ, म्हणून मी नियमांपुरतेच लिहितो. मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाने बाहेरून युरोपीय संघात न्यायचे नाहीत, असा नियम आहे. घरचे तूप आणि खवा त्यातच आले. सातारचा कंदी पेढा म्हणजे खवाच, तेव्हा वाद नको म्हणून मी डबा घरीच ठेवायला लावला. त्यावरून घरात झालेला संवाद इथे देत नाही. ताजी फळे-भाज्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद पाचच : अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ नेता येतो, लिंबू-मिरची नेता येत नाही आणि आंबाही नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, भडंग यांची अडचण आली नाही.

त्याहून महत्त्वाचे खसखशीचे. आपली पुष्कळ विमाने दुबई किंवा अबुधाबीवरून जातात आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. अमली पदार्थांचा कायदा लागतो. आपल्या अनारशाला खसखस, आपल्या काळ्या मसाल्यात खसखस. हे एकही सहल कंपनी ठळक अक्षरात का छापत नाही, मला कळत नाही. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांचेही तेच. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे, बाकीच्या गोळ्याही चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. उन्हाळ्यात फ्रान्स-इटलीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, त्यामुळे रक्तदाबाची नि साखरेची गोळी कोणत्या वेळेला धरायची, हेही त्याच भेटीत ठरवून घ्यावे.

कागदपत्रांचे कंपनीवाले नीट सांगतात, त्यात त्यांचाही जीव अडकलेला असतो. शेंगेन व्हिसासाठीच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो, तो) विम्यात किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते, तेवढे ते करतात. पण आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे का, हे पॉलिसी उघडून आपणच वाचावे. आम्ही गेलो तेव्हा पासपोर्टवर शिक्का मारत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, म्हणजे पहिल्या विमानतळावर उभे राहण्याचीही तयारी हवी. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. त्यात कमीपणा कसला?

माझी मागणी मोठी नाही. सहल कंपन्यांनी पूर्ण पैसे घेण्याआधी प्रवाशाच्या हातात मराठीत दोन पानांचा तक्ता द्यावा. रोज बस किती वाजता सुटणार, किती तास धावणार, कुठे थांबणार, चालणे साधारण किती, पायऱ्या कुठे, मुक्कामाला अंदाजे किती वाजता. आणि चालकाच्या तासांचा नियम वर चौकटीत. ग्राहकाला हे विचारण्याचा हक्क आहे. आमच्या साध्या आगारातही फेऱ्यांचा फलक भिंतीवर असतो, आणि तिथे माणूस लाखो रुपये भरून येत नाही. आपण पुढची पुरवणी काढाल तेव्हा जाहिराती देणाऱ्या कंपन्यांकडून असा तक्ता मागवून छापता आला, तर पाहावे. कोणी दिला आणि कोणी नाही, हेही वाचकांना कळेल. तो मसुदा कोणाला करून हवा असेल, तर मी फुकट करून देईन. वेळापत्रके लावण्यातच जन्म गेला आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सातारा