मुक्ताच्या एफवायच्या फॉर्माविषयी शैलाला पत्र

पुणे,
१० जून

प्रिय शैला,

परवाचा तुझा मेसेज दोनदा वाचला. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून लिहूनच पाठवते. फॉर्म भरायला बसाल तेव्हा हे पत्र शेजारी असू दे.

तू विचारलंस, "बीएस्सीला कॉलेज चांगलं मिळालं की झालं ना?" नाही गं. कॉलेज पुढे बदलता येतं, फॉर्मातला चुकलेला पत्ता दुरुस्त होतो, ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे विज्ञानाबाहेरचा निवडायचा छोटा विषय, आवडलं नाही तर सहा महिन्यांत सुटका होते. पण पहिल्या वर्षाला लिहून दिलेले तीन विषय मागे घेता येत नाहीत. आणि घाई सगळी तिथेच होते, कारण त्या दिवशी लोकांचं लक्ष फी आणि कागदपत्रांवर असतं.

आपल्या वेळचं एफवाय आता डोक्यातून काढून टाक. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या एक वर्ष आधी. संलग्न कॉलेजात पहिल्या सत्राला २२ क्रेडिट असतात. क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरलेलं विषयाचं वजन. त्यातले १२ तीन विज्ञान विषयांचे, प्रत्येकी ४ : दोन थिअरी, दोन प्रॅक्टिकल. उरलेले १० दोन-दोनच्या पाच छोट्या विषयांत वाटलेले : ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा एक, भाषेचा एक, मूल्यशिक्षणाचा एक आणि भारतीय ज्ञान प्रणाली. दुसऱ्या सत्रात ज्ञान प्रणालीच्या जागी एनएसएस, एनसीसी, खेळ, योग यांतलं काहीतरी येतं. दुसऱ्या वर्षाला जाताना पहिल्या वर्षीच्या तीन विषयांतला एक मेजर म्हणजे मुख्य होतो, एक मायनर म्हणजे दुय्यम होतो आणि एक सुटतो. चौथा विषय मधूनच शिरू शकत नाही. कळीचा मुद्दा तो हाच. फर्ग्युसनसारख्या स्वायत्त कॉलेजात रचना थोडी वेगळी असू शकते, कारण अभ्यासक्रम ते स्वतः आखतात. तिथे अर्ज केलात तर त्यांचं माहितीपत्रक मुळातून वाच. शेजारच्या कॉलेजातल्या ओळखीच्यांनी सांगितलेलं तिथे लागू होईलच असं नाही.

आता मुक्ताविषयी. बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं, हे फार बरं झालं. तिला केमिस्ट्री आवडते, पाषाणच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, संशोधन करायचं म्हणते, आणि गणित सोडायचं म्हणते. मग आपण एनसीएलपासून मागे चालत येऊ. तिथे पीएचडी करायची तर साधारणपणे आधी एमएस्सी आणि सीएसआयआर-नेटसारखी परीक्षा. नेटचा केमिकल सायन्सेसचा पेपर म्हणजे नुसती ऑरगॅनिक नव्हे. त्यात थर्मोडायनॅमिक्स, कायनेटिक्स, क्वांटम केमिस्ट्री सगळं येतं, आणि ते डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशनशिवाय पुढे सरकत नाही. एमएस्सीसाठी आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा. केमिस्ट्रीला बऱ्याच आयआयटी निदान बारावीचं गणित मागतात, आणि ते तिच्याकडे आहे. म्हणजे एफवायला गणित घेतलं नाही तरी केमिस्ट्रीचं दार बंद होत नाही. फिजिक्सचं मात्र होतं. एमएस्सी फिजिक्सला पदवीत किमान दोन सत्रं गणित झालेलं लागतं, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. एफवायला गणित वगळून पुढे फिजिक्स मेजर घेणाऱ्यांना ती अट तिसऱ्या वर्षी जॅमचा फॉर्म भरताना कळते, आणि तोवर काही करता येत नाही.

माझं मत विचारशील तर : केमिस्ट्री, फिजिक्स, गणित हा ग्रुप घ्यावा. गणित मेजर करायला कुणी सांगत नाही. दोन सत्रं घ्यायचं, आठ क्रेडिट पदरात पाडायचे, दुसऱ्या वर्षी केमिस्ट्री मेजर, फिजिक्स मायनर, आणि गणित सुटलं तर सुटलं. पण तिचा जीव खरोखर पेशी, एन्झाइम, जिवाणू यांतच रमत असेल तर केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि बॉटनी किंवा झूऑलॉजी हा ग्रुपही उत्तम. तिला एवढंच विचार : आठवड्यातून एक अख्खी दुपार ब्युरेटपाशी उभं राहायला आवडेल की मायक्रोस्कोपपाशी? मार्क कशात जास्त पडतात हे विचारू नकोस. बारावीच्या मार्कांचा तिथे फारसा उपयोग नाही.

ग्रुप कॉलेज ठरवतं, हेही ध्यानात ठेव. हवे ते कुठलेही तीन विषय जोडता येत नाहीत. वेळापत्रक आणि प्रयोगशाळेतल्या जागा बघून कॉलेज ठराविक जोड्या देतं. मेजरच्या जागाही मर्यादित असतात. मागणी जास्त झाली तर एफवायचे गुण बघितले जातात, म्हणून केमिस्ट्रीचं पहिलं सत्र सैल सोडायचं नाही. प्रवेशाच्या टेबलावर तीन गोष्टी विचारून घे : या ग्रुपमधून दुसऱ्या वर्षी कोणकोणते मेजर मिळतात, केमिस्ट्री मेजरच्या जागा किती, आणि हा वर्ग अनुदानित की विनाअनुदानित. शेवटच्या प्रश्नावर फीचं सगळं गणित असतं. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन्ही तुकड्या असतात आणि फीत मोठा फरक पडतो.

तिचा मामा 'बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच घ्या' म्हणतोय ना? वाईट काहीच नाही, पण ती वेगळी पदवी आहे, साध्या बीएस्सीतला एक विषय नव्हे. त्यातून केमिस्ट्रीकडे परत येता येत नाही. बीसीएला तर २०२४ पासून राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, लागते, ती मुक्तानं दिलेली नाही, तेव्हा तो विषयच मिटला. आणखी एक : केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची असते, त्यात २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी ती आहे. केमिस्ट्री, फिजिक्स, गणित, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी त्या यादीत आहेत, कॉम्प्युटर सायन्स नाही. तिच्या गुणपत्रिकेसोबत बोर्डाचं तसं पत्र आलं असेल तर जपून ठेव. अर्ज निघतील तेव्हा ते उपयोगी पडतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. एवढं चालतं. पण आधारवर वडिलांचं नाव नाही, किंवा स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, तर एबीसी खातं जुळत नाही. एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तिचे सगळे क्रेडिट तिथे जमा होणार. डिजिलॉकरमधून १२ अंकी क्रमांक निघतो, पाच मिनिटांचं काम आहे, पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर तुझ्या जुन्या सिमचा असेल तर तिथेच गाडी अडेल. म्हणून आजच आधार आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. दुरुस्ती लागली तर आधारमध्ये करून घे, आणि पुण्याला येण्याआधी. क्रमांक काढताना चुकून दोन खाती उघडू नका.

कॉलेज सोडल्याचा दाखला मूळच द्यावा लागतो. देण्याआधी रंगीत स्कॅन आणि साक्षांकित प्रती काढून ठेव, दहा तरी. गुणपत्रिकेची मूळ प्रत फक्त तपासायला द्यायची आणि लगेच परत घ्यायची. आपल्या राज्य बोर्डाच्या मुलांना मायग्रेशन सर्टिफिकेट लागत नाही, ते सीबीएसईवाल्यांना. त्यासाठी बोर्डाच्या ऑफिसात हेलपाटे घालू नकोस. विद्यापीठाचा पात्रता अर्ज मात्र वेळेत भर. तो राहिला तर कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, लांबतो आणि पुढे परीक्षेचा फॉर्म अडतो. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरून त्याची प्रत द्यायची, त्यावर तुझीही संमती लागते.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा चालू दाखला लागेल. खुल्या गटातल्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा ८ लाख आहे. बँक खातं मुक्ताच्या स्वतःच्या नावावर हवं आणि ते आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेलं हवं. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं वेगळं आणि पैसे त्याच खात्यात येतील अशी जोडणी असणं वेगळं. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग झालंय का' असंच स्पष्ट विचार. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण हेच. आणि 'मुलींना शिक्षण मोफत' असं तू लिहिलंयस, ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बीएस्सीची फी तिच्यात धरू नकोस.

छोट्या विषयांचं थोडक्यात सांगते. ओपन इलेक्टिव्ह विज्ञानाबाहेरचं घ्यायचं असतं. जागा भराभर संपतात, म्हणून दोन पर्याय मनाशी ठरवून ये. तिला अर्थशास्त्र किंवा बँकिंगची ओळख करून देणारं काही मिळालं तर ते घे. भाषेत मराठी मिळत असेल तर जरूर घ्यावी. एनसीसी करायची असेल तर मात्र पहिल्याच आठवड्यांत नाव द्यावं लागतं. निवड वेगळी होते आणि सी सर्टिफिकेटला तीन वर्षं जातात, दुसऱ्या वर्षी आठवण होऊन काही उपयोग नाही.

आठवडा कसा जाईल तेही बघ, खोली त्यावरून ठरव. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. तीन विषयांची प्रॅक्टिकल मिळून १८० तास, १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १२, म्हणजे चार-चार तासांच्या तीन दुपारी. शिवाय तीन विषयांची थिअरी सहा तास आणि छोटे विषय साधारण दहा. एकूण २८ तासांच्या आसपास. प्रॅक्टिकल संध्याकाळी संपतं, मग जर्नल, म्हणजे प्रयोगवही, लिहायचं. हडपसरला स्वस्त खोली घेऊन डेक्कनला रोज पीएमपीने ये-जा केली तर जर्नल रात्री अकराला उघडेल. भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल, कॉलेजपासून पायी जाता येईल अशी जागा बघ. आणि ७५ टक्के हजेरीची अट प्रॅक्टिकलला जास्त जाचते. एका विषयाची आठवड्याला एकच दुपार असते, चार दुपारी चुकल्या की पंधरातल्या अकराच उरतात आणि ती ७५च्या खाली गेली.

प्रवेश झाल्यावर पावतीवर, आणि पुढे हॉल तिकिटावर, विषयाचं नाव नको, कोड वाच. एकाच नावाचा थिअरीचा कोड वेगळा, प्रॅक्टिकलचा वेगळा. थिअरीचा कोड दोनदा आणि प्रॅक्टिकलचा एकदाही नाही, असं होतं. चूक दिसली की त्याच दिवशी ऑफिसात अर्ज देऊन पोच घ्यायची. तोंडी सांगून येऊ नकोस. निकाल लागल्यावर तीच चूक निस्तरायला महिने जातात.

नोकरीचं तू घाबरत घाबरत विचारलंयस. पहिल्या वर्षी त्यासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी, पदवी तिन्हींकडे ६० टक्के बघतात आणि चालू बॅकलॉग, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, नको म्हणतात. म्हणजे तिसऱ्या वर्षीच्या नोकरीचा अर्धा फॉर्म पहिल्या सत्रातच भरला जातो. बॅकलॉग बहुतेकदा अवघड विषयात लागत नाही, दुर्लक्ष केलेल्या दोन क्रेडिटच्या विषयात लागतो. तेवढं तिला सांग.

वर्ग सुरू व्हायला अजून वेळ आहे. तेवढ्यात तिची तयारी कुठवर आहे हे घरीच बघता येईल. तीन प्रश्न दे, कॅल्क्युलेटर न देता. एक : शाळेत वापरतात त्या ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ मोलरचं २५० मिली द्रावण करायचंय, किती ग्रॅम घेशील? दोन : x गुणिले e चा x घात, याचं डेरिव्हेटिव्ह काढ. तीन : अंतर-वेळ आलेखाचा उतार काढून त्याचं एकक लिही. तिन्ही जमले तर निश्चिंत राहा. पहिला अडला तर पंधरा दिवस फक्त मोल, मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी. एफवायची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल याच हिशोबावर उभी असतात. दुसरा अडला तर बारावीचं डेरिव्हेटिव्ह पुन्हा, रोज दहा गणितं. तिसऱ्यात आकडा बरोबर आणि एकक गायब असं झालं तर ती सवय आत्ताच मोडायची, जर्नलमध्ये गुण तिथेच कापले जातात.

ग्रुपचं नक्की झालं की कळव. यायची तारीख गुणवत्ता यादी लागल्यावर ठरवू. मुक्ताला आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

तुझी,
वृंदा

ता. क. उत्तर मुक्तानं स्वतः काढल्यावरच तिला हे दाखव : ३.१५ ग्रॅम. २.२५ आलं असेल तर रीत बरोबर आहे, पण तिनं रेणुभार ९० धरला. बाटलीतल्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून १२६ धरायचा. बाटलीवरचं लेबल वाचूनच वजन करायला बसायचं, हे तिला तेव्हाच सांग.