तुमच्या तीन-चार ओळींसाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

असं उघड पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. पण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता. शिवाय वाचलेल्या पुस्तकांवर तुम्ही शेरे लिहिता, त्या वहीचा फायदा आणखी चार जणांना झाला तर बरंच, म्हणून हा खटाटोप.

लढायांचे इतिहास, खेळ आणि चरित्रं. विषय तीनच, आणि दर पुस्तकामागे तुमच्या तीन-चार ओळी. त्यात गोष्टीचा सारांश नाही, 'संग्राह्य', 'वाचनीय' असले शिक्के नाहीत. लिहिणाऱ्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, एवढंच तुम्ही टिपता. मोठमोठी परीक्षणं वाचूनही जे हाती लागत नाही, ते मला त्या ओळींत मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर ब्रिटिश फौजेचं नेतृत्व करणारे फील्ड मार्शल स्लिम, त्यांच्या 'डिफीट इंटू व्हिक्टरी'खाली तुम्ही लिहिलंय, "बंदुकीच्या गोळ्या सोडा, औषधाच्या मोजा." मला खरं तर 1942ची ब्रह्मदेशातली माघार आणि 1944ची इंफाळ-कोहिमाची लढाई वाचायची होती. तुमच्यामुळे मलेरियाच्या पानांवर रेंगाळले. 1943मध्ये जखमी म्हणून मागे धाडलेल्या दर एका सैनिकामागे 120 जण आजारी म्हणून धाडावे लागत होते! एवढ्या गळतीपुढे कसली व्यूहरचना? स्लिम यांनी मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या सक्तीच्या केल्या. एखाद्या तुकडीची अचानक तपासणी व्हायची आणि 95 टक्क्यांहून कमी जणांच्या अंगात औषध सापडलं, तर त्या तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. अशी तिघांचीच करावी लागली, बाकीचे तेवढ्यात समजून चुकले. तेव्हापासून युद्धाचं कुठलंही पुस्तक हातात आलं की रसद, चिखल आणि आजारपण कुठे आहे, ते मी आधी शोधते. ते नसेल तर नकाशावरचे बाण कितीही झोकदार असोत, माझा विश्वास बसत नाही.

जॉन कीगन यांच्या 'द फेस ऑफ बॅटल'वर तर तुमची एकच ओळ आहे, "कधीच न लढलेल्याने लिहिलंय, म्हणून नीट विचारलंय." अगदी खरं. सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत भावी अधिकाऱ्यांना शिकवणारा हा माणूस सुरुवातीलाच सांगून टाकतो की आपण लढाई पाहिलेली नाही. मग अ‍ॅजिनकोर, वॉटर्लू आणि सोम या तीन रणांगणांवर साध्या शिपायाला नेमकं काय दिसत, ऐकू येत असेल, ते तो चिकाटीने उलगडत जातो. अ‍ॅजिनकोरला फ्रेंचांची इतकी दाटी झाली होती की पुढच्यांना हत्यार फिरवायलाही जागा उरली नव्हती. सेनापतीच्या टेकडीवरून हे कसं दिसणार?

खेळांच्या पुस्तकांबाबत तुम्ही जरा कंजूष आहात (धावफलकांचा कंटाळा, दुसरं काय). टेनिसपटू आंद्रे आगासीच्या 'ओपन' या आत्मचरित्राला मात्र तुम्ही दाद दिलीत आणि शब्दांकन जे. आर. मोरिंगर यांचं आहे, हेही न विसरता नोंदवलंत. 1990च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्याआधी हा पठ्ठ्या जिंकण्यासाठी नाही, तर डोक्यावरचा केसांचा टोप पडू नये म्हणून प्रार्थना करत होता. असं सांगणाऱ्याचं बाकीचंही खरं मानावंसं वाटतं.

आता भांडण. त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांच्या 'बियाँड अ बाउंडरी'वर तुमचा शेरा आहे, "क्रिकेट थोडं, राजकारण फार." काका, ते दोन वेगळे काढायचे कसे? त्रिनिदादमध्ये कातडीच्या छटेवरून क्लब ठरत. जेम्स स्वतः काळे, पण त्यांनी काळ्या निम्न-मध्यमवर्गाचा शॅनन सोडून उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा मेपल निवडला आणि त्याची किंमत पुढे या पुस्तकात मांडून दाखवली. फ्रँक वॉरेल 1960-61च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर कर्णधार म्हणून गेले, त्यामागे जेम्स यांची लेखणी होती. पूर्ण मालिकेसाठी नेमलेले वेस्ट इंडिजचे ते पहिले काळे कर्णधार! हे राजकारण असेल तर नाणेफेकही राजकारणच.

दुसरं भांडण अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनापती आणि नंतरचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचं. त्यांच्या आठवणींत अध्यक्षपदाची आठ वर्षं नाहीत, म्हणून तुम्ही 'लपवाछपवी' असा ठपका ठेवलात. भागीदाराच्या लबाडीने दिवाळं निघालेलं, घशाला कॅन्सर, मागे कुटुंबाची सोय लावायची. लिहून होताच काही दिवसांत, 23 जुलै 1885ला, माणूस गेलासुद्धा. अशा माणसाने आपल्याला सर्वांत चांगलं ठाऊक असलेलं, म्हणजे युद्ध, आधी लिहिलं, तर मला ते समजतं. आणि ज्या मेक्सिको युद्धात तरुणपणी स्वतः लढले, त्याला ते बलाढ्य राष्ट्राने दुबळ्यावर लादलेल्या अत्यंत अन्यायी युद्धांपैकी एक म्हणतात. लपवणारा माणूस असं छापायला देईल?

असं तावातावाने भांडता येतं, तेही तुमच्यामुळेच. तुम्ही मत इतकं नेमकं मांडता की कुठे पटत नाही, त्यावर बोट ठेवता येतं. त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायची घाई नाही, फक्त त्याआधी ग्रँटची मेक्सिकोची प्रकरणं पुन्हा एकदा वाचा.

तुमची,
एक हट्टी वाचक