पेढ्यांची वाट न पाहता

बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पेढ्यांच्या पुड्यासोबतच द्यायचं, असं मी ठरवलं होतं. साताऱ्यात राहून गोड बातमी कंदी पेढ्यांशिवाय सांगायची कशी? पण पेढ्यांची वेळ अजून आलेली नाही. आणि तुमचे आभार त्या एका बातमीसाठी अडवून ठेवणं आता मला बरं वाटत नाही. म्हणून आजच लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. समोर बसून बोलू लागले की तुम्ही "चल, पाणी पी" म्हणून विषय बदलता, हे मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी, टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकाच्या वाटेवर, कठड्यावर बसून रडणारी मी तुम्हाला दिसले. हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता: पीसीओडी, बीजांडकोशांत गाठी. लग्नाला चार वर्षं झालेली, पाळी वर्षातून चारदा, तीही गोळी घेतली तर. मानेवर काळा पट्टा, हनुवटीवर केस. "आठ-दहा किलो उतरवा, मग बघू," एवढंच सांगून मला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. कसं उतरवायचं, का उतरवायचं, याबद्दल एक शब्द नाही. घरी सासूबाई 'गाठी' हा शब्द ऐकून हबकल्या होत्या. मी त्याआधीच महिनाभर एक वेळचं जेवण सोडून रोज दोन तास ट्रेडमिलवर पळून बघितलं होतं. चार किलो गेले, दोन महिन्यांत पाच परत आले, आणि पाळी होती तीही लांबली.

तुम्ही नाव विचारलं नाहीत. "घर कुठं? चल, तिथपर्यंत चालू," म्हणालात. बस्स.

त्या वाटेवर तुम्ही मला जे सांगितलंत, ते मी आता प्रत्येकीला सांगते. तुम्ही शाळेत मुलींना खो-खो शिकवलेल्या. त्यामुळे समजावलंतही तसंच. "स्वादुपिंड इन्सुलिनचा खो देतंय, पण तुझे स्नायू उठतच नाहीयेत. मग ते आणखी जोरात खो देतं. रक्तात इन्सुलिन वाढत जातं. त्या ओरड्यानं बीजांडकोश बिथरतात आणि पुरुषी हार्मोन जास्त तयार करतात. बीज अर्धवट वाढून थांबतं. त्या थांबलेल्या बीजपिशव्या म्हणजेच तुझ्या रिपोर्टमधल्या 'गाठी'. पण तू चाललीस, जिना चढलीस, की काम करणारा स्नायू खो न मिळताही उठतो आणि रक्तातली साखर आत ओढून घेतो. खेळात तो फाऊल. इथं चालतो."

मी त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपले. माझं शरीर माझ्यावर रुसलेलं नाही, त्यात एक अडचण आहे आणि तिला एक वाट आहे, एवढं कळलं म्हणून.

पहिला महिना तुम्ही मला अजिंक्यतारा गडावर नेलंच नाहीत. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं आणि सकाळी अर्धा तास, सपाट रस्त्यानं. एका दिवसाच्या चालण्याचा परिणाम स्नायूंत दिवस-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा करायचा नाही, हा एकच नियम. मग अजिंक्यताऱ्याची चढण अर्ध्यापर्यंत. मग दरवाज्यापर्यंत. दूरदर्शनच्या मनोऱ्याखाली पहिल्यांदा पोहोचले तेव्हा समोर यवतेश्वर, मागे जरंडेश्वर आणि धुक्यात सज्जनगड. माझा श्वास लागलेला, आणि तुम्ही विचारलंत, "बोलता येतंय का? येतंय ना, मग वेग बरोबर आहे."

वजनकाटा तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात. खरोखर काढून घेतलात, तुमच्या माळ्यावर ठेवलात. हातात दिलीत एक दोनशे पानी वही. "वजन नाही मोजायचं. पाळीची तारीख लिही, लाल गोल कर. आणि पोटभर जेव. उपाशी शरीर बीज कशाला तयार करेल?" भाकरी, उसळ, ताक, सगळं खायला लावलंत. त्या वहीत आज बघते: दोन पाळ्यांमधलं अंतर आधी ७१ दिवस, मग ५८, ४३, ३९. त्या सात महिन्यांत वजन उतरलं जेमतेम अडीच किलो. कंबर मात्र सहा सेंटिमीटरनं कमी झाली. काटा घरात असता तर मी तिसऱ्या महिन्यातच सोडून दिलं असतं.

आणि उठबशा. हे लिहिताना थांबावं लागलं मला. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन धरून उठबशा काढायच्या, आठवड्यातून दोनदा, मध्ये एखाद-दोन दिवस सोडून, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी म्हणाले, "शाळेतली शिक्षा आठवते." तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, "मी तीस वर्षं मुलींना शिक्षा म्हणून उठबशा काढायला लावल्या. चुकलं माझं. मांडीचा स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी, साखरेचं कोठारच ते. ज्यानं त्यांना आयुष्यभर बळ मिळालं असतं, त्याचीच मी त्यांना लाज वाटायला लावली." बाई, तुम्ही त्या दिवशी जे कबूल केलंत, त्यानं माझ्यातलं काहीतरी मोकळं झालं. व्यायाम म्हणजे जाड असल्याची शिक्षा, हे माझ्या मनात कुणी आणि कधी पेरलं होतं कोण जाणे. ते तुम्ही उपटून टाकलंत.

नवीन डॉक्टर मॅडमना मी ही वही दाखवली. त्यांनी पीसीओडीसाठीची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं उघडून वाचून दाखवली: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि ते दोन दिवस लागोपाठचे नसावेत. कुठलाही एकच प्रकार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ नाही, जो नियमित होईल तो करावा. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा." तो सांगितलेला आहेच, पुन्हा एकदा सांगते.

तुम्ही औषधाच्या आड कधी आला नाहीत, याचंही मोल मला कळतं. तुमच्यासोबत चालणाऱ्या आपल्या बॅचमधली ती शिडशिडीत मुलगी, जिला कुणी पीसीओडी आहे म्हणून मानायलाच तयार नव्हतं, तिची पाळी तीन महिन्यांवर गेली तेव्हा तुम्हीच तिला डॉक्टरकडे घेऊन गेलात. पाळी इतकी लांबत राहिली तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, तिथं नुसती चढण कामाची नाही, हे तुम्ही तिच्या आईला समजावलंत. "माझ्या व्यायामानं बरं होईल," असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

गेल्या महिन्यात मॅडमनी लेट्रोझोल, म्हणजे बीज वाढायला मदत करणारी गोळी, सुरू केली. बीज कसं वाढतंय ते बघायच्या सोनोग्राफीत, फॉलिक्युलर स्टडीत, चौदाव्या दिवशी पडद्यावर एकच मोठी पिशवी दिसली, १९ मिलिमीटर. दोन दिवसांनी ती फुटलेली होती. बीज बाहेर पडलं होतं. या वेळी दिवस राहिले नाहीत, पाळी आली, आपली आपण. मी तुम्हाला फोन केला आणि रडले, आणि ते कठड्यावरचं रडणं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "एकानं तरी खो घेतला ना! खेळ सुरू झाला."

बाई, मूल होईल किंवा नाही होणार. व्हावं अशी माझी फार इच्छा आहे, ती मी लपवत नाही. पण गडाच्या दरवाज्यापर्यंत न थांबता चढणारे हे पाय, स्वच्छ होत आलेली ही मान, महिन्याच्या महिन्याला वहीत पडणारा लाल गोल, हे सगळं मला मिळालेलं आहे, आणि ते तुमच्यामुळे मिळालेलं आहे.

तुमचा गुडघा दुखतोय हे नातीकडून कळलं. उद्या वर येऊ नका, चार भिंतींपाशीच बसा, कॅन आम्ही भरून आणतो. खालच्या आळीतली बारावीतली मुलगी पहिल्यांदा येणार आहे. शेवटची पाळी कधी आली ते तिला आठवत नाही. तिच्यासाठी मी दोनशे पानी वही घेतली आहे आणि एक लाल पेन.

तुमची,
पावणेसहाच्या बॅचमधली