सड्यावरून काळ्या रानाकडे

सातारा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
सुमेधाचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सहज विचारलेत, "झाडे लावायला एवढी वर्षे शिकावे लागते होय?" त्याचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. भावकीत कुणी विचारले की तुम्ही 'पोरगी पर्यावरणात आहे' असे सांगता आणि मग पाच जूनच्या वृक्षारोपणाचे निमंत्रण न चुकता माझ्यापर्यंत पोहोचते. त्याला माझी हरकत नाही; पण ज्या पठारांवर मी वनस्पतींच्या नोंदी घेते, तिथे झाड न लावणे हेच राखणीचे पहिले काम आहे, हे आधी सांगितले पाहिजे.

कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या खडकाचा हा सडा, म्हणजे उघडा सपाट माथा, असल्यामुळे कित्येक जागी मातीचा थर बोटभरही नसतो. पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात तोच खडक तापून निघतो. मोठ्या झाडाला तिथे मूळ धरायला जागा नाही, आणि म्हणूनच सावली न सोसणाऱ्या ठेंगण्या वनस्पतींना ती मिळाली आहे. मातीत नत्र आणि स्फुरद इतके कमी, की काहींनी कीटक पकडण्याची सोय करून घेतली. आई, 'सीतेची आसवे' ही नाजूक निळी-जांभळी फुले तू पाहिली आहेस. ही वनस्पती शिकार करते ती मात्र ओल्या मातीत. धाग्यांसारख्या भागांवर मोहरीहून लहान पिशव्या असतात, त्यांच्या तोंडाशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झाकण आत उघडते आणि पाण्यासकट तो जीव सेकंदाच्या काही हजारांश भागात आत ओढला जातो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत कास आहे. असे सडे कागदोपत्री 'पडीक' ठरले आणि बाहेरची माती आणून कुणी त्यांवर रोपे लावली, तर हे सारे संपते. फोटो मात्र हिरवा येतो.

चाळकेवाडीच्या पठाराची हकिकत तर तुम्हाला नक्की आवडेल, कारण तिथल्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या आहेत. त्या पठारावर एक सरडा राहतो. पावसाळ्याआधी विणीच्या दिवसांत त्याचा नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी पिशवी पंख्यासारखी उघडून मिरवतो. ही जात स्वतंत्र आहे याची शास्त्रीय नोंदच मुळी २०१६ साली झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पठारावर पवनचक्क्यांचा भाग आणि पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. ते काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. शिकारी कमी म्हणून सरडे वाढले, इथपर्यंत कुणीही अंदाज बांधला असता. पण संशोधकांनी सरड्यांचे रक्त तपासून त्यातील ताणाचे संप्रेरक मोजले, माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो याचे अंतर मोजले, अंगाचा भरणा पाहिला आणि गळ्याच्या पिशवीचा रंगही मोजला. धोका कमी झालेले हे सरडे कमी ताणाचे आणि कमी भित्रे निघाले, पण गर्दीमुळे अंगाने खंगलेले आणि रंगाने फिकेही निघाले. पक्ष्यांना दूर ठेवणारी पवनचक्कीच एका अर्थाने अन्नसाखळीच्या टोकावर जाऊन बसली होती. यावरून पवनचक्क्या काढून टाका, असे मी म्हणणार नाही. धुराविना वीज आपल्याला हवीच आहे. पवनचक्क्या कोणत्या पठारावर उभाराव्यात आणि कोणते मोकळे सोडावे, हे ठरवताना सरड्यालाही मोजावे लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पाहा, या एका अभ्यासाला पक्ष्यांची ओळख, शरीरक्रियाशास्त्र, रसायन आणि संख्याशास्त्र असे सगळेच लागले. इतर कामेही अशीच आहेत. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची २०१२ पासूनची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात ढग तिथे जमिनीला टेकतात, म्हणून ढगातला थेंब आणि ज्या धूलिकणाभोवती तो धरतो तो कण, दोन्ही विमानाशिवाय तपासता येतात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वाघ मोजतात ते झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांनी, अंगावरच्या पट्ट्यांची जुळणी करून.

आणि बाबा, गिधाडे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की ती कुठून कुठून उतरत, हे तुम्हीच मला सांगितले आहे. ती का संपली, याबद्दल रोगापासून कीटकनाशकापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून कारण सापडले, ते जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिल्यावर लवकर मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. भारतात २००६ साली जनावरांसाठी ते बंद झाले आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. एवढ्या मोठ्या पक्ष्याचा ऱ्हास जंगलात नव्हे, गोठ्यात सुरू झाला होता, आणि तो उलगडायला पशुवैद्यकाची सुरी लागली.

मला विचाराल तर या पर्यावरणशास्त्रातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी कौतुकाचे काम म्हणजे एकाच जागी वर्षानुवर्षे एकच नोंद घेत राहणे. हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे १९५८ साली हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. नोंद मध्येच थांबली असती, तर ही वाढ इतक्या ठामपणे सांगता आली नसती. सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाणीपातळी हीदेखील तशीच नोंद आहे. तिथे ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले, हे आपण आकड्यात सांगू शकतो ते कुणीतरी रोज वाचून लिहिले म्हणूनच. निधी मात्र नव्या यंत्राला लवकर मिळतो, जुन्या वहीला नाही.

आता आपल्या खालच्या रानाविषयी. दुकानदाराच्या सांगण्यावरून तुम्ही जिप्समच्या गोण्या आणणार आहात असे आई म्हणाली. थोडे थांबावे, अशी विनंती आहे. वाळव्याच्या भारी काळ्या जमिनीत उसाला मोकाट पाणी देत गेले की निचरा न झाल्याने भूजल वर येते, ते मातीतल्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागाकडे चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तुम्हाला बांधालगत दिसतो तो पांढरा थर हाच. सामू (पीएच) ८.५ पेक्षा कमी आणि विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त निघाली, तर जमीन क्षारयुक्त आहे. तिला चांगल्या पाण्याने धुऊन निचरा द्यावा लागतो, जिप्समचा उपयोग होत नाही. सामू ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल, तर जमीन चोपण आहे. तिथे जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हुसकावते, पण ते बाहेर जायलाही निचराच हवा. म्हणजे दोन्हींत भूमिगत पाइप आले, आणि ते पाणी ओढ्याला सोडायचे तर उताराकडच्या शेतकऱ्याची संमती आली. शेजाऱ्याशी बोलणे हाही या शास्त्राचाच भाग समजा; पुष्कळ चांगल्या योजना बांधावरच अडतात.

ऊस तुटून गेला की, खत देण्याआधी नमुने घ्यावेत. पांढरा थर असलेला भाग आणि चांगला भाग यांची माती एकत्र करू नका. दोन्हींत एक-एक फुटाच्या थराने तीन फुटांपर्यंतची माती वेगवेगळी काढा. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडा. सावलीत वाळवून प्रत्येकी अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरा, खताच्या गोणीत नको. चिठ्ठीवर गट नंबर आणि खोली लिहा. खणायला गडी बोलवा, आईला घमेले उचलू देऊ नका. विहिरीच्या पाण्याचीही एक बाटली भरून ठेवा. मी येईन तेव्हा सगळे मिळून प्रयोगशाळेत नेऊन देईन.

तुमची,
सुमेधा