आठ तासांत समुद्र आणि आमचे दोन दिवस

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समृद्धी महामार्गाने सुट्टीत समुद्र कसा गाठावा यावर पानभर मजकूर आला होता. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आठ तास, टोल किती, डबे काय न्यावेत, सगळं व्यवस्थित दिलं होतं. पण मेहकर तालुक्यात बसून वाचताना एक गोष्ट खटकली. मधलं एकही गाव त्यात नव्हतं, होते ते महामार्गावर चढण्या-उतरण्याचे इंटरचेंज. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त सुलतानपूरचा भाग ठेवावा.

मी एसटीत चालक होतो. एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. जालना, शेगाव, पंढरपूरच्या यात्रा स्पेशल, खेड्यापाड्यांतल्या मुक्कामी गाड्या, सगळं केलं. पुण्याच्या गाडीवरही बरीच वर्षं होतो, पण शिवाजीनगरला गाडी लावली की विश्रांतीगृहात झोप आणि सकाळी उलट फेरी. पुण्याच्या पुढं रस्ता आहे हे माहीत होतं, तेवढंच. समुद्र पाहिलेला नव्हता.

नोव्हेंबरच्या अखेरीस सोयाबीन विकून झालं होतं आणि तुरीला अजून वेळ होता. मंठ्याला लेकीकडे दोन दिवस राहायचं म्हणून मुलाची जुनी वॅगनआर घेऊन आम्ही दोघं निघालो. वाटेत लोणारला थांबलो. धारेच्या झऱ्यावर हातपाय धुतले, मग वर येऊन कठड्याशी उभे राहिलो. खाली ते हिरवट खारं पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं तेव्हा कुठून कुठून लोक आले होते, आम्ही मात्र तीस किलोमीटरवर राहून गेलो नव्हतो. त्याची आठवण काढत मंडळी एकदम म्हणाली, "अवो, हे खारं पाणी जलमभर पाह्यलं. आता एक डाव समुद्र तं दाखवा."

"आता?"

"मंग कवा? गाडीत पेट्रोल हाये, पिशवीत कपडे हायेत. तुमाले कोनतं आगार बोलावून राह्यलं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. लेकीला फोन केला, येताना थांबू म्हणून सांगितलं. ती आधी हसली आणि मग रागावली.

समृद्धीनं जायचं नाही हे मंडळीचंच म्हणणं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हापासून तो रस्ता तिच्या डोक्यात बसलाय. मला त्या रस्त्याचा राग नाही. गेल्या वर्षी चुलतभावाला छातीत दुखायला लागलं तेव्हा संभाजीनगरला वेळेत पोचलो ते समृद्धीमुळेच. पण त्यावर गाडी चालवणं म्हणजे एकतीस वर्षांच्या चालकाला शिक्षा आहे. ना गाव, ना फाटा, ना कोणी हात दाखवतंय. झोप येणारच.

आता सुलतानपूरचं. मेहकरहून लोणारला जाताना हे गाव लागतं. जुना नागपूर–जालना–मुंबई रस्ता इथूनच जातो. रात्री एक ते चारच्या दरम्यान इथं एका हॉटेलवर आमच्या गाड्या थांबायच्या. मालक मोठ्या कढईत रात्रभर आलूबोंडे तळायचा, चालक-वाहकाला चहा फुकट. मीच त्याच्या बाकावर हजारेक रात्री तरी बसलो असेन. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. आधी ट्रॅव्हल्स गेल्या, मग ट्रक कमी झाले. त्यानं वर्षभर भट्टी पेटती ठेवली. रात्री अकरानंतर गिऱ्हाइकं मोजून चार, गॅस आणि पोराचा पगारही निघेना. आता त्याच हॉटेलच्या पुढच्या कोपऱ्यात त्याचा पानठेला आहे. मागचं शटर बंद असतं. आम्ही थांबलो तेव्हा तो पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. "कुठं निघाले साहेब?" म्हणाला. तेव्हा मंठ्याला म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

तर मंठा, वाटूर फाटा, जालना करत अंबडला मत्स्योदरीच्या पायथ्याशी चहा घेतला. तिथून पाचोडवरून पैठण. या पट्ट्यात ऊस तुटायला लागला होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधार पडला की ट्रॉली दिसत नाही, आधी उसाचं पाचट दिसतं, तेही आपल्या काचेवर. पैठणच्या पुढं एका तिठ्यावर आम्ही शेवगाव सोडून भलतीकडे सहा किलोमीटर गेलो, कारण पाटीच नव्हती. होता तो एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, नेमका पाटीच्या खांबांना बांधलेला. फोनमधली बाई वळा म्हणत होती, पण ती आम्हाला ओढ्यातून न्यायला निघाली होती. शेवटी उसाच्या गाडीवाल्यानं रस्ता सांगितला, एक पेरूही दिला. करंजी घाट उतरून नगर, आणि रात्री साडेअकराला वाघोलीत भाच्याचं दार वाजवलं. त्याला वाटलं कोणी गेलं.

दुसऱ्या दिवशी मुळशीच्या पाण्याच्या कडेनं ताम्हिणीचा घाट. घाटाबद्दल मी लिहायला लागलो तर तुमची पुरवणी पुरायची नाही, म्हणून एवढंच सांगतो: उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्या पोरांनी ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरावा. खाली माणगावला मुंबई–गोवा रस्त्यावर अर्धा तास अडकलो. तो रस्ता २०११ पासून चौपदरी होतोय. मग साई, म्हसळा आणि दुपारी श्रीवर्धन. सुलतानपूरहून सहाशेच्या आसपास किलोमीटर झाले असतील.

समुद्राचं वर्णन मी करत नाही, मला येणार नाही. मंडळीनं पहिल्यांदा पाण्यात बोट बुडवून चाटलं. लोणारपेक्षा कमी खारं आहे म्हणाली. मग बराच वेळ बोलली नाही.

किनाऱ्यावर दगडी कट्टा, फरसबंद वाट, रांगेनं दिवे. संध्याकाळी घोडागाड्या आणि वाळूत पळवायच्या चारचाकी फटफट्या. रस्त्याच्या आतल्या अंगाला मात्र नारळ-सुपारीच्या वाड्या, तिथं भर दुपारी सावली आणि ओल. अशाच एका वाडीत "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" ही पाटी पाहून उतरलो. मालक माझ्याच वयाचे. तीन खोल्या नव्या, वर निळे पत्रे. जेवणात प्रत्येक पदार्थात नारळ होता. मंडळीनं पिशवीतला ठेचा काढला, मालकिणीनं तो चाखला आणि तांब्याभर पाणी प्यायली.

अंगणात सुपारी वाळत घातली होती, सालासकट, पिवळी आणि तपकिरी मिसळलेली. महिना-दीड महिना उन्हात राहते, पाऊस पडला तर पळापळ. मालक एक-एक हातात घेऊन हलवत होते. आत खुळखुळली की वाळली. मग साल काढायचं. ही श्रीवर्धनी रोठा सुपारी, पानवाल्यांना सांगायची गरज नाही.

मी विचारलं, "काका, वाडी केवढी?" ते काका म्हटल्यावर हसले, वय सारखंच म्हणून. मग म्हणाले, "होती ती वेगळी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यात चार तासांत आडवी झाली. सुपारीचं झाड वाकत नाही हो, मधून मोडतं." भरपाई हेक्टरी ५० हजार जाहीर झाली होती. "पण इथं हेक्टर कोणाकडे आहे? माझी वाडी २० गुंठे. धरा हिशेब." मी धरला. दहा हजार झाले. मोडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त गेले म्हणाले.

आमचं सोयाबीन बुडालं तर वर्ष बुडतं, पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरतो. सुपारी लावली की धरायला सहा-सात वर्षं. २०२० ला लावलेली त्यांची रोपं आता कुठं धरायला लागली होती, आणि त्या मधल्या वर्षांत घर चालावं म्हणून निम्म्या वाडीत त्या तीन खोल्या आल्या. खोल्या सुपारीपेक्षा जास्त देतात. थोरला मुलगा पनवेलला नोकरीला आहे, त्याचं म्हणणं उरलेल्या वाडीतही खोल्या काढू. काका म्हणाले, "तो म्हणतो ते चूक नाही. पण लोक येतात ते वाडी बघायला. वाडीच नसली तर पत्रे बघायला कोण येणार?" श्रीवर्धनहून बाहेर नशीब काढायला गेलेला मुलगा काही नवा नाही म्हणा. बाळाजी विश्वनाथ भट असेच इथून वर गेले आणि १७१३ ला पेशवे झाले.

रात्री फिरायला गेलो तर कोपऱ्यावर फलक: "सी टच एनए प्लॉट". रायगड जिल्ह्यात दिघी औद्योगिक शहर करायला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून दलाल वाढले असं चहावाल्यानं सांगितलं. संपादक साहेब, मी तो फलक पाहून थबकलो, कारण अगदी त्याच अक्षरात, त्याच पिवळ्या रंगात एक फलक आमच्या मेहकरच्या इंटरचेंजजवळ लागलाय: "एनए प्लॉट, समृद्धीपासून १० मिनिटे". छापणारा एकच असावा. सुलतानपूरच्या हॉटेलवाल्याची गिऱ्हाइकं रस्त्यानं नेली आणि काकांच्या दारात रस्ता गिऱ्हाइकं आणतोय, पण भट्टी तिथंही विझली आणि झाडं इथंही कमी होतात. यात कोण बरोबर ते मला ठरवता येत नाही. तुमच्या पुरवणीनं निदान विचारावं तरी.

येताना मंडळीनं पाचाडचा हट्ट धरला. जिजाऊंचं माहेर आमचं सिंदखेडराजा आणि समाधी इकडं, रायगडाच्या पायथ्याशी. आमच्याकडं १२ जानेवारीला सिंदखेडला सगळा जिल्हा लोटतो. पाचाडला त्या दुपारी आम्ही दोघं आणि झाडलोट करणारी एक बाई. मंडळीनं खणानारळाची ओटी ठेवली. कुठल्या तुम्ही, असं त्या बाईनं विचारलं. सिंदखेडकडच्या म्हटल्यावर तिनं झाडू बाजूला ठेवून आम्हाला पाणी दिलं.

आता मागणं. एक, समृद्धीला जागोजागी निळ्या पाट्या आहेत, चांगलंच आहे, पण राज्य मार्गांच्या तिठ्यांवरही तालुक्याचं नाव आणि अंतर लिहिलेली पाटी हवी, आणि तिच्यावर कोणाचा वाढदिवस नको. ज्यांच्याकडं हे काम असेल त्यांना ते माहीत असणारच. दुसरं तुमच्याकडं. पुरवणीसाठी एखादा वार्ताहर सुलतानपूर, बिबी, दुसरबीड या जुन्या रस्त्यानं पाठवा. रात्री दोन वाजता पाठवा, म्हणजे काय बंद झालं ते दिसेल. नाव-पत्ता मात्र छापू नये, मुलगा म्हणतो पेपरात उगाच कशाला.

परत येताना सुलतानपूरला थांबलो. काकांनी दिलेली शेरभर सुपारी पिशवीत होती, त्यातली मूठभर पानठेल्यावर ठेवली. त्यानं एक उचलून अडकित्त्यानं कातरली, आतलं पांढरं अंग उन्हात धरून पाहिलं आणि जिभेवर ठेवली.

"हे खर्ऱ्यात घालाचं काम नाही," म्हणाला. "कुठली?"

सांगितलं.

"समुद्रावर गेल्ते? किती दिवस लागले?"

"जायले दोन."

"दोन दिवस?" त्यानं हिशेब केला. "मंग तुमी आमच्याच रस्त्यानं गेले असान."

आपला वाचक,
एक निवृत्त एसटी चालक
ता. मेहकर, जि. बुलढाणा