विषय: केगमध्ये पाणी भरलं म्हणून वॉरंटी गेली, हे खरंच तुमचं धोरण आहे का?

तुमच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की आम्हाला तुमच्या भाषेत लिहा. इंग्रजीत पाच मेल आणि तीन फोन करून झाले, त्याचा उपयोग शून्य, म्हणून आता माझ्या भाषेत लिहितोय. ट्रान्सलेट करून घ्या.

मे महिन्यात तुमच्याच साइटवरून घरी केलेल्या बिअरसाठी ५ लिटरचा स्टीलचा मिनी केग (छोटं पिंप), टॅप आणि छोटा रेग्युलेटर (गॅसच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे छोट्या नळकांडीतून, केगमध्ये किती प्रेशरने गॅस जाईल ते ठरवणारा) असा सेट घेतला, ११९ पौंड. तक्रार रेग्युलेटरची आहे. केगची नाही, टॅपची नाही, माझ्या बिअरची तर अजिबातच नाही. हे मी तिन्ही फोनवर सांगितलं आणि तिन्ही वेळा पहिला प्रश्न आला, "बिअर नीट फर्मेंट झाली होती का?" झाली होती हो. घनता १.०४२ वर सुरू झाली, १.०१० वर थांबली, ओळीने तीन दिवस हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) तिथेच. त्याच बॅचच्या उरलेल्या बिअरच्या बाटल्या भरल्या, त्या एकदम व्यवस्थित आहेत, एकही उसळली नाही. केगमध्ये साखर घातलीच नव्हती, गॅसनेच कार्बोनेट केली. म्हणजे बिघडायचं असतं तर बाटल्या आधी बिघडल्या असत्या ना, साखर तर त्यांच्यात होती.

काय होतं ते परत एकदा सांगतो, कारण मागचं कोणी वाचलेलं दिसत नाही. रेग्युलेटर १० पीएसआयवर (प्रेशरचं माप) सेट करायचा, केग फ्रिजमध्ये ४ डिग्रीला ठेवायचा, झोपायचं. सकाळी काटा ३८ वर. नॉबला कोणी हात लावलेला नाही, घरात लहान मूल नाही, मांजर नाही. याला क्रीप म्हणतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नसावी, रेग्युलेटर तुम्ही विकता. आतली सीट नीट बसत नाही, कार्ट्रिजमधला गॅस थोडा थोडा सरकत राहतो आणि सेट केलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पहिल्या कार्ट्रिजला हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण फ्लॅट बिअर मिळेल तेवढा गॅस पिऊन टाकते. दुसरं लावलं ते फक्त ओतण्यापुरतं, तेव्हा बिअर गॅसने आधीच भरलेली होती, आणखी गॅसला जायला जागा नव्हती, म्हणून काटा चढला.

(दुसरं का लागलं हेही सांगतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की १६ ग्रॅमच्या एका कार्ट्रिजमध्ये ५ लिटर कार्बोनेट पण होते आणि शेवटच्या ग्लासपर्यंत ओतून पण होते. २.४ व्हॉल्यूम (बिअरमध्ये विरघळलेल्या गॅसचं माप) धरले तर लिटरला पावणेपाच ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे ५ लिटरला साधारण २४ ग्रॅम. २० डिग्रीला फर्मेंट झालेल्या बिअरमध्ये आठेक ग्रॅम आधीच असतो. राहिले १६. म्हणजे कार्ट्रिज तिथेच संपलं, ओतायला काय तोंडाने फुंकर मारायची? पण हे जाऊ दे, ही वेगळी तक्रार आहे.)

आता गटारी. तुम्हाला माहीत नसेल, आषाढातली अमावस्या, दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि आमच्यातले निम्मे लोक महिनाभर दारू-मटण बंद करतात, म्हणून आदल्या दिवशी सगळं उरकून घ्यायचं असतं. रेडिंगमध्ये आमचा सात जणांचा ग्रुप आहे, दर वर्षी माझ्या घरामागच्या गार्डनमध्ये जमतो आणि या वर्षी मी महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं की बिअर माझी, केगमधून, कोणी काही आणू नका. सकाळी काटा ३८ वर बघितला, रिलीफ व्हॉल्व्हची रिंग ओढून प्रेशर सोडलं तर आतून फेसच आला आणि थेट किचनच्या छतापर्यंत. बायको वरून विचारते, कुकर कोणी लावलाय? परत १० वर आणला, तासाभरात परत चढला. संध्याकाळी पहिला ग्लास धरला तर कपडे भिजवलेल्या बादलीसारखा नुसता पांढरा फेस, दहा मिनिटं सगळे ग्लासाकडे बघत उभे, आणि खाली दोन बोटं बिअर. जवळजवळ पावणेनऊ पिंटच्या केगमधून सात जणांना मिळून दोन पिंट तरी मिळाली असेल की नाही शंका आहे, बाकी लॉनला. शेवटी एक जण गाडी काढून सुपरमार्केटमधून कॅन घेऊन आला. दुसऱ्या दिवशी श्रावण. माझ्या बाटल्या अजून तशाच पडल्यात आणि पिणारे चार जण महिनाभर ताक पितायत.

पहिल्या फोननंतर तुम्ही काय पाठवलं? दोन ओ-रिंग. पाकिटात, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी, हॅपी ब्रूइंग. ओ-रिंग गळती थांबवायला असते. माझ्याकडे गळती नाही, उलट आहे, गॅस जायच्या ऐवजी येतोय! तरी बसवल्या. साबणाचं पाणी लावून सगळे जॉइंट बघितले, आमच्याकडे घरचा सिलिंडर बदलला की आई असंच बघायची, एक बुडबुडा नाही. काटा तरी चढलाच.

दुसऱ्या फोनवर सांगितलं की फ्रिजचं टेंपरेचर वरखाली होत असेल. ठीक आहे. मी फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. ४ डिग्री, रात्रभर.

मग मी पाण्याची टेस्ट केली, आणि यानंतरचं मॅनेजमेंटने नीट वाचावं अशी इच्छा आहे. केग धुतला, गळ्यापर्यंत थंडगार साधं पाणी भरलं, नवीन कार्ट्रिज लावलं, १० वर सेट केलं आणि शेजारी किचनमधलं घड्याळ ठेवून दर दहा मिनिटांनी फोटो काढला. दहा मिनिटांनी १४, वीसला १९, चाळीसला २६, तासाला ३१. पाण्यात यीस्ट नसतं, साखर नसते, हॉप्स नसतात. उलट गार पाणी गॅस शोषतं, म्हणजे काटा फार तर १० वरच राहायला हवा होता. सातही फोटो पाठवले. मला वाटलं झालं, आता काय बोलणार.

तिसरा फोन. सव्वीस मिनिटं. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतो म्हणे, ऐका मग. फोटो बघून समोरच्या बाईंनी विचारलं, "केगमध्ये पाणी आहे का?" मी म्हणालो हो, टेस्टसाठी. "म्हणजे बिअर नाही?" नाही, पाणी. मग थोडी शांतता, टाइप केल्याचा आवाज, आणि मग अतिशय गोड आवाजात, "सर, आमचा केग बिअर, सायडर आणि कोल्ड ब्रू कॉफीसाठी आहे, पाणी मान्य पेयांच्या यादीत नाही, त्यामुळे हा वापर वॉरंटीत बसत नाही." मला वाटलं मस्करी करतायत. मी हसलो सुद्धा. त्या हसल्या नाहीत. मी म्हणालो, मॅडम, मग केग धुवायचा कशाने? त्या म्हणाल्या होल्ड करा. अकरा मिनिटं होल्डवर पियानो. तेवढ्यात मी मॅन्युअल काढून पान ९ उघडून बसलो, तिथे स्पष्ट लिहिलंय की पहिल्या वापराआधी केगमध्ये पाणी भरून प्रेशरखाली तपासा. बाई परत आल्या, मी वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर मी शब्दशः देतो: "ते तपासणं झालं सर, तुम्ही पाणी साठवलंत." एक तास! एक तास साठवलं! आणि वर, मी काही बोलायच्या आत, "तुम्हाला इथल्या बिअरच्या फेसाची सवय नसेल कदाचित." मी या देशात, ब्रिटनमध्ये, अकरा वर्षं राहतोय, सहा वर्षं स्वतः बिअर करतोय. फेस आणि बिअर यातला फरक मला कळतो, मॅडम. १० आणि ३८ मधला पण कळतो.

या देशात १९६३ पासून घरी बिअर करायला लायसन्स लागत नाही, म्हणजे साठ वर्षांत माझ्यासारखी गिऱ्हाइकं तुम्हा लोकांना बक्कळ भेटली असतील, सगळ्यांनाच हे ऐकवता का? वाईट याचं वाटतं की तुमचा जुना पत्र्याचा केग, खाली प्लास्टिकचा टॅप आणि वर रबरी बूच असलेला, मी पाच वर्षं वापरला. एकदा साखर जास्त पडली, वरचा पत्रा फुगून घुमट झाला. चूक माझी होती, मी तुम्हाला फोन केला नाही. यावेळी चूक तुमची आहे आणि मी सव्वीस मिनिटं पियानो ऐकतोय. (बरोबर, पियानो अकराच मिनिटं. बाकी पंधरा मिनिटं त्याहून वाईट होती.)

आता पुढचं. रेग्युलेटर रिपेअर करून नकोय, आणि परत ओ-रिंग पाठवू नका. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरतात, नव्हता हे सिद्ध करायचं काम तुमचं. दुरुस्तीची एक संधी तुम्हाला दिली होती, ती तुम्ही दोन रबरी रिंगांवर घालवलीत. पूर्ण ११९ पौंड आणि वाया गेलेल्या तीन कार्ट्रिजचे पैसे, १४ दिवसांत. नाहीतर क्रेडिट कार्डवर घेतलंय, किंमत १०० पौंडांच्या वर आहे, बँकेकडे सेक्शन ७५ चा क्लेम (कार्डावर घेतलेल्या खराब मालाचे पैसे बँकेकडून मागायचा) टाकतो, आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे विक्रेत्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे पण जातो, कारण आपोआप प्रेशर चढणारी वस्तू लोकांच्या फ्रिजमध्ये असणं हा फक्त माझ्या गटारीचा प्रश्न नाही. सात फोटो आहेतच, घड्याळासकट.

तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे, तीन आहेत, कुठलाही घ्या. उत्तर इंग्रजीत दिलं तरी चालेल, फक्त खाली हॅपी ब्रूइंग लिहू नका.