खुले पत्र : तक्रार निकाली निघाली, पाहायला कोणी आलेच नाही

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या खात्याचा मोबाईलवर संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ तक्रार होती बाथरूममधल्या गॅस गिझरची. आमच्या घरी कोणीही फिरकलेले नाही. ‘आठ दिवसांत तपासनीस येईल’ या लेखी उत्तराला आता तीन महिने झाले.

मुलगी पंधरा वर्षांची. सकाळी अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येत होता, हाकेला ओ येत नव्हती. कडी तोडली तर ती फरशीवर पडलेली. तिच्या नाकाशी हात धरून मी श्वास शोधत होतो. तो क्षण अजून रोज येतो. दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन ९८. ‘उपाशी होती का? चक्कर आली असेल.’ आम्हाला घरी पाठवणारच होते. तेवढ्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, ‘बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?’ गॅस नीट न जळल्याने होणारा कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो आणि तो चिमटा त्यालाच ऑक्सिजन समजतो. रक्त तपासले तेव्हा खरे कळले. त्या बाईंनी विचारले नसते तर?

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पाइपाला साबणाचा फेस लावला. बुडबुडे नाहीत. ‘लीक नाही, बिनधास्त वापरा.’ साहेब, फेसाने न जळलेला गॅस सापडतो. हा विषारी वायू ज्योतीतच तयार होत होता! गॅस बंद करून मी कव्हर उघडले : बर्नरवर काजळी. ज्योत कित्येक दिवस निळीऐवजी पिवळी दिसायची, गॅस नीट जळत नसल्याची ती खूण आम्हाला ठाऊक नव्हती. धूर बाहेर नेणारी नळी बसवलेलीच नव्हती, खिडकी बंद, हवा आत यायला वाटच नाही.

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात वास मिसळतात. म्हणजे जीव वाचवायची अक्कल व्यवस्थेला आहे. मग बिनवासाच्या, बिनरंगाच्या या वायूसाठी घरात धोक्याची घंटा का नको? गॅसवाले म्हणतात गिझर आमचा नाही, दुकानदार म्हणतो फिटिंग आमचे नाही, फिटिंगवाला म्हणतो खिडकी बिल्डरची. आणि तुम्ही सगळ्यांच्या वर बसून तक्रारी निकाली काढता. पोर मेली असती तर निदान पंचनाम्याला तरी कोणी आले असते.

धूर बाहेर नेणारी नळी आणि हवेला वाट असल्याशिवाय गिझर बसवू देऊ नका. बसवणाऱ्याला ज्योत तपासायला शिकवा. आणि न येता आमची तक्रार ज्याने निकाली काढली, त्याच्या सहीचा कागद मला पाठवा.

मुलगी अजून बाथरूमला आतून कडी लावत नाही. मी बाहेर उभा राहून दर मिनिटाला तिला हाक मारतो.

आपला,
तिचा बाप